जुन्या लष्करी रायफलीचं लाकूड आणि साज : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

जुनी रायफल हातात आली की पहिल्याच संध्याकाळी हात शिवशिवायला लागतात. दस्ता काळाकुट्ट, त्यावर तेल आणि धुळीचा चिकट थर, पितळेवर हिरवट कळक, स्क्रूंच्या खाचा मातीने बुजलेल्या. घरात कुठेतरी पॉलिश पेपर असतोच. तासाभरात खालून स्वच्छ लाकूड निघेल, वर व्हार्निशचे दोन हात मारले की झालं, असा हिशेब मनात तयार होतो. मी पहिली रायफल अशीच ‘नवी’ केली आणि दस्त्याच्या उजव्या अंगावरचा गोल शिक्का भुशाबरोबर झाडून टाकला. ती कुठे आणि केव्हा बनली हे सांगणारी लाकडावरची तेवढीच खूण होती.

लष्करी रायफलीचं लाकूड हे एक दफ्तरच असतं. तपासनिसांचे ठसे, कारखान्याचा शिक्का, पलटणीचे आकडे, लष्करी कारागिराने बसवलेलं ठिगळ, कुणा शिपायाने चाकूने कोरलेली दोन अक्षरं, सगळं त्यात नोंदलेलं असतं. म्हणून खाली जे काही सांगतोय त्याचा रोख एकच आहे : मळ काढायचा, नोंदी ठेवायच्या. काय करावं यापेक्षा कुठे थांबावं हेच या कामात जास्त वेळा ठरवावं लागतं.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख लाकूड आणि बाहेरच्या साजापुरता आहे : बट प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची धातूची पट्टी), बँड (नळी लाकडाशी आवळून धरणारी कडी), पट्ट्याच्या कड्या, चापाचं कडं, स्क्रू. आतल्या यंत्रणेला हात लावायचा नाही. रायफल उडवण्याजोगी आहे का, हा प्रश्न शस्त्रकाराचा. दस्ता चकचकीत झाला म्हणून नळी सुरक्षित होत नसते.

पेचकस उचलण्याआधी

कागदपत्रं बघून घ्या. जुनं शस्त्र बाळगण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि ‘अँटिक’ कशाला म्हणायचं हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र त्यात येतं. तुमच्याकडे तोच नियम असेल असं धरून चालू नका.

मग नळी. बोल्टची रायफल असेल तर मॅगझीन रिकामं करा, बोल्ट मागे ओढा, डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा. तोंडाकडून ठासायच्या बंदुकीत हे जमत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडतात. भिंतीवर पिढ्यानपिढ्या टांगलेल्याही. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. तपासायची रीत सोपी आहे. लाकडी काठी नळीत टेकेपर्यंत घाला आणि तोंडाशी चिकटपट्टीने खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी ठेवा. काठीचं दुसरं टोक नळीच्या बुडाशी, म्हणजे ठिणगी देणारी टोपी बसते त्या निपलाजवळ, पोहोचलं पाहिजे. दोन-चार बोटं कमी पडली तर आत काहीतरी आहे. ते कागदाचं बूच असेल, कोळ्याचं जाळं असेल किंवा दारू आणि गोळीही असेल. तिथेच थांबा आणि ती बंदूक जाणकार शस्त्रकाराकडे द्या. हे करताना तोंडासमोर चेहरा किंवा हात नको, हे सांगायला नको.

नंतर फोटो. सगळ्या बाजूंनी, तिरप्या उजेडात, प्रत्येक ठशाचा जवळून. तिरपा उजेड महत्त्वाचा, कारण झिजलेले ठसे समोरून दिसतच नाहीत. बॅटरी लाकडाला जवळजवळ टेकवून धरली की सावलीत उठून येतात. पहिल्या दिवशी फक्त एवढंच केलंत तरी खूप झालं.

लाकूड कोणतं, वरचा थर कसला

ब्रिटिश, अमेरिकी आणि जर्मन रायफलींचं जुनं लाकूड बहुतेक अक्रोडाचं. युद्धात अक्रोड पुरेना तेव्हा ब्रिटिशांनी बीच आणि बर्च वापरलं. जर्मनांनी ९८के माउझरसाठी बीचचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून दस्ते बनवले; त्या दस्त्यावर पट्ट्यापट्ट्यांची नक्षी दिसते, ती भेसळ समजू नका. रशियन मोसिन-नागांतचं लाकूड बरेचदा बर्च. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याने तिथलंच क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुड वापरलं.

लाकडापेक्षाही वरचा थर ओळखणं गरजेचं. बट प्लेटच्या खाली, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे कापसाच्या बोळ्याने चाचणी घ्या. एक बोळा टर्पेंटाईनचा, दुसरा स्पिरिटचा. टर्पेंटाईनच्या बोळ्यावर काळपट-तपकिरी मळ आला आणि खालचा थर तसाच राहिला, तर बहुधा जवसाच्या तेलाचा जुना हात आहे. ब्रिटिश सैन्यात कच्चं जवसाचं तेलच चोळत असत. स्पिरिटने थर मऊ पडून बोटाला चिकटला, तर ती चपडा लाख. सोव्हिएत शस्त्रागारात पुन्हा दुरुस्त केलेल्या मोसिनवर ती लालसर, चकचकीत दिसते. ती मूळची असेल तर तिला खरवडून जवसाचं तेल लावणं म्हणजे एका देशाच्या शिपायाला दुसऱ्या देशाचा गणवेश घालणं. दोन्हीला दाद न देणारा काचेसारखा थर असेल तर तो आधीच्या कुणा हौशी मालकाने मारलेलं व्हार्निश समजा. तेवढं काढायला हरकत नाही.

सुटं करणं

अर्ध्याअधिक नासधूस इथेच होते, आणि तीही चुकीच्या पेचकसाने. बाजारात मिळणाऱ्या साध्या पेचकसाचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. ते खाचेत वरवर टेकतं, जोर लावला की वर सरकतं आणि खाचेच्या कडा उचकटून टाकतं. बंदुकीच्या कामाचं पातं टोकाशी दोन्ही बाजूंनी समांतर हवं. खाचेच्या तळाला टेकणारं, खाचेइतकंच जाड आणि स्क्रूच्या डोक्याइतकंच रुंद. तसं नसेल तर स्वस्तातला पेचकस घ्या आणि कानसीने घासून प्रत्येक खाचेपुरता जुळवा. मी चार पेचकस असे जुळवून ठेवलेत. माझ्या सगळ्या हत्यारांत मोलाचे तेच.

खाचेतली माती आधी सुईने कोरून काढा. स्क्रू हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल एक थेंब, आणि एक रात्र. दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या, मग सोडवायच्या दिशेने. तरीही नाही हललं तर गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, थंड होऊ द्या, पुन्हा तेल. घाई झाली की खाच गेली, आणि खाच गेलेला स्क्रू नवशिक्याच्या हातून निघत नाही.

निघालेले स्क्रू वाटीत टाकू नका. पुठ्ठ्यावर रायफलीची आकृती काढा, जिथला स्क्रू तिथे भोक पाडून खोचा. दिसायला सारखे दोन स्क्रू लांबीत एखाद्या आट्याने वेगळे असतात. चुकीच्या जागी गेलेला लांब स्क्रू आत कुठेतरी टेकतो आणि लाकूड फाडतो.

आता क्रम. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड घेऊ, म्हणजे ०.५७७ इंच तोंडाची, तीन बँडची ठासणीची रायफल. या घडणीच्या रायफलीत आधी गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची काठी, काढतात. मग घोडा अर्ध्यावर चढवून लॉकचे, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या बाजूच्या पट्टीचे, दोन आडवे स्क्रू थोडे सैल करतात, पूर्ण काढत नाहीत. त्यांच्या डोक्यांवर लाकडी मोगरीने हलकेच टिचक्या मारल्या की लॉक समोरच्या बाजूने आपसूक उचललं जातं. नवशिके इथे लॉकच्या कडेला पेचकस घालून उचकटतात, आणि कडेची ढलपी निघते. शंभर जुन्या बंदुका बघा, लॉकच्या कडेला ती ढलपी कितींची गेलीय ते मोजा. लॉक निघालं की आडवे स्क्रू पूर्ण काढा, मग नळीच्या शेपटीचा स्क्रू, मग वरून खाली एकेक बँड. नळी ओढून काढायची नसते. रायफल आडवी, नळी खालच्या बाजूला ठेवून धरा, खाली हाताचा आधार द्या. नळी स्वतःच्या वजनाने सुटते. नाहीच सुटली तर नळीच्या तोंडाखाली लाकडाचा तुकडा धरून हलकी टिचकी.

दुसरं उदाहरण पहिल्या महायुद्धातल्या आखूड ली-एनफिल्डचं, १९०७ च्या मार्क ३ चं. लोक जिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात त्या घराण्यातलीच. तिचं लाकूड दोन तुकड्यांत : मागे दस्ता, पुढे नळीखालचं लांब लाकूड. दस्ता एका लांब बोल्टने बसवलेला असतो. बट प्लेटच्या झाकणातून लांब पेचकस घातला की बोल्ट फिरवता येतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. आणि फसतात. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि पुढच्या लाकडात बसवलेल्या छोट्या लोखंडी पट्टीत ते अडकलेलं असतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला तर ते चौकोनी टोक पट्टीला आणि पट्टी लाकडाला फिरवू बघते. ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशा पुढच्या लाकडांना मागच्या टोकाशी हीच उभी चीर होती, प्रत्येक वेळी त्याच जागी. म्हणून या रायफलीत पुढचं लाकूड आधी, दस्ता नंतर, अपवाद नाही. जोडताना उलट : दस्ता आधी, आणि आवळल्यावर बोल्टचं टोक पट्टीच्या खाचेला जुळेल असं उभं आलंय ना ते बघूनच पुढचं लाकूड. आणखी एक, दस्त्याच्या भोकात बोल्टच्या डोक्यावर चामड्याचं किंवा नमद्याचं बूच असतं. पेचकस मऊ कशात तरी रुततोय असं वाटलं तर तेच. वाकड्या तारेने ओढून काढा आणि जपून ठेवा. चापाच्या कड्याच्या पुढच्या स्क्रूभोवती एक छोटी नळकांडी असते, तीही लाकूड उलटं करताना टपकन पडून हरवते.

माउझर ९८ मध्ये खालच्या दोन मोठ्या स्क्रूंच्या शेजारी दोन चिमुकले स्क्रू दिसतील. ते मोठ्यांना अडवून धरण्यासाठी आहेत. आधी ते काढा, नाहीतर मोठा स्क्रू ‘गंजलाय’ समजून तुम्ही जोर लावत बसाल.

मळ काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच दिसतो. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, जवळ ज्योत नको.

आधी कोरडा मऊ ब्रश. मग सुती फडक्यावर टर्पेंटाईन घेऊन वीतभर भाग पुसायचा, फडकं काळं झालं की घडी बदलायची. सुटा मळ गेला की चार शून्याचं, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल टर्पेंटाईनमध्ये बुडवून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अंगठ्याच्या वजनाएवढ्या दाबाने फिरवायचं. दोन-चार फेऱ्या झाल्या की फडक्याने पुसून बघायचं. तेलाचा घट्ट काळा थर लोण्यासारखा गोळा होऊन वर येतो आणि खालून अक्रोडाच्या रेषा दिसायला लागतात. पाच मिनिटांतच फरक दिसायला लागतो, पण इथे हात आवरावा लागतो. ठशांवरून स्टील वूल न्यायचंच नाही. तिथे फक्त फडकं. हाताच्या पकडीने काळसर झालेला भाग तसाच राहू द्या, सगळा दस्ता एकाच रंगाचा झाला तर तो वापरलेला वाटत नाही.

मुरलेलं तेल ही वेगळी डोकेदुखी. दस्त्याची मान, म्हणजे नळीच्या मागची बारीक जागा, वर्षानुवर्षं यंत्रणेतून झिरपलेलं खनिज तेल पिऊन काळी आणि भुसभुशीत झालेली असते. वरून पुसून ते निघत नाही. खडूची बारीक भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून श्रीखंडाइतका घट्ट लेप करा आणि त्या जागेवर पेराएवढा जाड थापा. ॲसिटोन आत जातं, तेल पातळ करतं, आणि उडून जाताना तेल भुकटीत सोडून जातं. पांढरा लेप वाळता वाळता पिवळट, मग तपकिरी होताना डोळ्यांसमोर दिसतो. झटकून टाका, नवा लेप लावा. तीन-चार वेळा तरी लागतं. चपडा लाखेच्या दस्त्यावर हा प्रयोग नको, ॲसिटोनने लाखच विरघळेल.

शस्त्रागारात साठवताना भरलेल्या घट्ट ग्रीसने दस्ता माखलेला असेल तर उष्णता कामाला येते. जुन्या फडक्यांत गुंडाळून, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हात ठेवा. ग्रीस पाघळून फडक्यांत येतं. दर अर्ध्या तासाने बघा. लाकूड हाताला चटका लागेल इतकं तापू द्यायचं नाही.

कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन साफ करायचा फवारा वापरून दस्ता दहा मिनिटांत ‘स्वच्छ’ झालेले व्हिडिओ भरपूर दिसतात. होतोही. पण क्षार लाकडाच्या तंतूंना खातो, रंग करडा पडतो, आणि आत राहिलेला अंश पुढे लोखंडाला गंज चढवत राहतो. मी त्या वाटेला जात नाही.

दबलेल्या जागा आणि चिरा

लाकूड दबलंय की तुटलंय हे आधी नखाने बघा. खड्ड्याचा तळ गुळगुळीत असेल तर तंतू नुसते दबलेत, आणि ते वाफेने वर येतात. खड्ड्यात पाण्याचे थेंब टाकून पाच मिनिटं मुरू द्या. ओल्या सुती कापडाची दुहेरी घडी वर ठेवा आणि इस्त्रीचं टोक किंवा सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवा. चर्र आवाज, वाफेचा झोत, उचला, बघा. पुन्हा. कापड कोरडं पडू दिलंत तर लाकूड करपेल. तळ खरबरीत असेल, तंतू कापले गेले असतील, तर वाफेने काही होणार नाही. तो घाव आहे, राहू द्या.

मात्र ठशांजवळ वाफ नको. ठसा म्हणजे तरी काय, पंचाने दाबलेले तंतूच. वाफेला तुमचा खड्डा आणि तपासनिसाच्या ठशातला मुकुट यातला फरक कळत नाही. दोन बोटांच्या अंतरावरचा पोचा मी तसाच सोडून देतो.

चिरांचे दोन प्रकार पडतात. जिच्यावर जोर येत नाही अशी बारीक चीर, उदाहरणार्थ गजाच्या खाचेच्या कडेची, तिला प्राण्यांच्या कातडीचा पारंपरिक सरस उत्तम. तो गरम ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो. उद्या तुमच्यापेक्षा हुशार माणसाने दुरुस्ती करायची ठरवली तर त्याची वाट अडत नाही. मान किंवा नळीच्या शेपटीमागची चीर मात्र धक्का खाणारी, तिथे संथ सुकणारं इपॉक्सी लागतं. दोन्हींत अट एकच : चिरेत तेल असेल तर काहीही चिकटत नाही. बारीक ब्रशने ॲसिटोन आत सोडा, हवा मारा, पुन्हा सोडा, कापसावर पिवळेपणा यायचा थांबेपर्यंत. मग चीर हलकेच उघडून चिकट द्रव्य आत जाऊ द्या. त्यासाठी दातांत घालायचा दोरा चिरेतून आतबाहेर ओढायची युक्ती छान चालते. बाहेर आलेलं लगेच पुसून काढा आणि रबराच्या पट्टीने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून दिवसभर ठेवा. लोखंडी क्लॅम्प नवशिक्याच्या हातात नव्या खुणा करतो.

लाकडाचा तुकडाच गेला असेल तर ठिगळ. तुटक्या दस्त्याचं जुनं लाकूड मिळवा, रेषांची दिशा जुळवा, आणि तुकडा जागेच्या मापाचा करा, जागा तुकड्याच्या मापाची करू नका. ब्रिटिश लष्करी कारागीर अशी ठिगळं सर्रास बसवत. तुमच्या रायफलीवर असं जुनं, नेटकं ठिगळ दिसलं तर ते दुरुस्त करायच्या यादीतून खोडून टाका.

तेलाचा हात

कच्चं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. दिवसांवर दिवस जातात. ‘बॉइल्ड’ म्हणून विकतात त्यात बहुधा सुकवणारी द्रव्यं घातलेली असतात, ते एक-दोन दिवसांत सुकतं. ब्रिटिश रायफलीला कच्चं शोभतं, पण धीर नसेल तर दुसरं घ्या, आभाळ कोसळत नाही.

बोटभर तेल तळहातावर घ्या आणि तळहात गरम होईपर्यंत लाकडावर चोळा. पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं, अगदी सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेल चिकट कातडी धरतं आणि त्यात धूळ रुतते. मग ती काढायला पुन्हा टर्पेंटाईन घ्यावं लागतं. रोज एकदा आठवडाभर, आठवड्याला एकदा महिनाभर, महिन्याला एकदा वर्षभर, असा एक जुना हिशेब सांगतात. नव्या कोऱ्या लाकडाला तो ठीक. शंभर वर्षं तेल प्यालेल्या दस्त्याला दोन किंवा तीन पातळ हात पुष्कळ झाले. माझा स्वतःचा अनुभव असा की तिसऱ्या हातानंतर फरक फक्त मलाच दिसतो.

चिंध्यांचं काय करता ते मात्र नीट वाचा. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. पसरलेल्या चिंधीतून ती निघून जाते. चुरगळलेल्या बोळ्यात ती साठते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. एकदा मी असा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकून जेवायला गेलो आणि परत येऊन सहज हात लावला तर तो चहाच्या कपासारखा गरम लागला. तेव्हापासून चिंध्या एकेक करून बाहेर, उघड्यावर वाळत घालतो, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवतो.

साज : लोखंड आणि पितळ

लाकूड सुकतंय तोवर धातू. लोखंडावर दोन गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या ओळखायच्या. बोटाला लागणारा, भुकटीसारखा तांबडा गंज हा चालू रोग. गुळगुळीत, घट्ट, काळसर-तपकिरी थर म्हणजे वयाचा रंग. त्याने खालच्या लोखंडाला सांभाळलेलं असतं आणि जुन्या वस्तूची अर्धी शोभाही त्यातच असते. पहिला घालवायचा, दुसरा ठेवायचा.

हलक्या तेलात भिजवलेलं चार शून्याचं स्टील वूल तांबडा गंज उचलतं. जिथे निळाई (लोखंडावर मुद्दाम चढवलेला निळसर-काळा थर) किंवा काळा मुलामा शिल्लक आहे तिथे दाब आणखी कमी, आणि आधी एका कोपऱ्यात बघून. गंजाचे फोड असतील तर पितळेच्या पट्टीची धार करून तेलात खरवडा. पितळ लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड वगैरेंत बुडवून ठेवू नका. बंदुकीची निळाई हासुद्धा लोखंडाचा ऑक्साईडच. आम्ल गंज खाताना तीही खातं, आणि तासाभराने हातात करडा, निर्जीव तुकडा येतो.

बँड, पट्ट्याच्या कड्या, बट प्लेटचे स्क्रू यांसारख्या छोट्या पोलादी भागांवर पातळ, एकसारखा तांबडा गंज असेल तर उकळण्याची युक्ती करून बघण्यासारखी आहे. तुकडा ॲसिटोनने पुसून तेल पूर्ण काढा. स्वच्छ भांड्यात डिस्टिल्ड पाणी उकळा, तुकडा तारेला बांधून अर्धा तास आत सोडा. तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साईडमध्ये बदलतो, म्हणजे त्याच काळ्या थरात जो गंजवून निळाई करण्याच्या जुन्या पद्धतीत मुद्दाम तयार करत असत. बाहेर काढल्यावर वर काळी मखमल दिसते; मऊ ब्रशने ती झटकली की खाली घट्ट काळा थर राहतो. लगेच तेल लावा. नळाचं पाणी वापरलंत तर क्षारांचे डाग पडतील. स्वयंपाकाचं भांडं अर्थातच नको. नळीवर आणि लॉकवर हा प्रयोग नवशिक्याने करू नये.

पितळेबद्दल लोकांची मतं टोकाची असतात. शिपाई रोज घासून ती लखलखीत ठेवत, मग आपण का नाही, असा युक्तिवाद ऐकू येतो. माझं उत्तर असं की घासाघाशीने ठसे पुसट होतात. एनफिल्डच्या बट प्लेटवरचे पलटणीचे आकडे बरेचदा अशाच घासण्याने गेलेत. मी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतो, हिरवा कळक बांबूच्या काडीने कोरतो, स्पिरिटने पुसतो आणि तपकिरी रंग राहू देतो. अमोनिया असलेलं पॉलिश टाळाच : ते पितळेला घातक, आणि खाचांत पांढरी पूड अडकते ती निघता निघत नाही. बट प्लेट लाकडावर असताना कुठलंही पॉलिश करू नका, कडेचं लाकूड कायमचं काळं पडतं.

शेवटी मेण. संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण घ्या. ‘रेनेसान्स वॅक्स’ नावाने मिळतं ते मुळात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालं. धातूवर पातळ पुसट हात, दहा मिनिटं, मग मऊ कापडाने चमक. तेलासारखी धूळ धरत नाही आणि हाताचा घाम लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. पुरतं सुकलेल्या दस्त्यावरही चालतं.

जोडणी आणि ठेवण

जोडताना पुठ्ठ्यावरचे स्क्रू उलट्या क्रमाने. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. आटा जागेवर बसल्याची ‘टक्’ जाणवली की मग आवळा. त्यामुळे जुनाच आटा धरला जातो, लाकडी स्क्रूंच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. धातूच्या आट्यांना तेलाचा ठिपका, लाकडात जाणाऱ्या स्क्रूंना थोडं मेण. स्क्रू पूर्वी जिथे थांबत होता तिथेच थांबवा. आधीचे फोटो इथे उपयोगी पडतात, खाचेची दिशा बघा. एखादा भाग बसत नाही म्हणून लाकूड तासायचा मोह झाला तर थांबा : ओलावा किंवा तेलाने लाकूड किंचित फुगलेलं असतं, आठवडाभराने तोच भाग सहज बसतो.

रायफल चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओलावा धरतात. चामड्याचा पट्टा सोडून वेगळा ठेवा, नाहीतर पितळी साजावर मेणासारखा हिरवा थर जमतो. हवेतला ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर असावा. आज कोरडं, उद्या दमट, यातच लाकूड फाटतं. जोडणीनंतर महिनाभराने एकदा स्क्रू तपासा, सुकलेलं लाकूड थोडं आक्रसलेलं असतं. सैल लागला तर पाव फेरा, जास्त नको.

ली-एनफिल्डच्या दस्त्यात तेलाची पितळी कुपी आणि नळी साफ करायची दोरी ठेवायला भोक असतं. माझ्या रायफलींच्या त्या भोकात एक चिठ्ठी असते : तारीख, कोणतं तेल, चिरेत सरस की इपॉक्सी, कोणता स्क्रू मूळचा नाही. पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई तेलात फुटते.